बंदिवान लेकरांची कैवारी : मेरी कार्पेंटर

गावात चोरी झाली आणि चोर म्हणून एखादा बारा-तेरा वर्षांचा मुलगा सापडला, म्हणजे पारावर बसलेली मंडळी काय बोलतात हे आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. कोणी म्हणतो की, यास चांगला चोप द्यावा. कोणी म्हणतो की, चौकीवर न्यावे, म्हणजे जन्माची अद्दल घडेल. आणि कोणी त्याच्या आईबापांचा उद्धार करून मोकळा होतो. हा मुलगा काल रात्री काय जेवला, कोठे निजला, याला शाळेत कोणी घातले होते की नाही, हे विचारणारा मात्र त्या पारावर सहसा कोणी नसतो.

हेच विचारण्यात जिने आपले सारे आयुष्य वेचले, अशी एक बाई इंग्लंड देशात होऊन गेली. तिचे नाव मेरी कार्पेंटर. तिचा आपल्या मुंबई इलाख्याशीही संबंध आला होता. तिचे चरित्र आपल्या मंडळ्यांतील बंधुभगिनींनी वाचावे आणि घरी मुलाबाळांस वाचून दाखवावे, या हेतूने येथे देत आहे.

मेरीचा जन्म इ. स. १८०७ च्या एप्रिल महिन्याच्या ३ तारखेस एक्झेटर शहरी झाला. वडील लँट कार्पेंटर हे पाळक होते. मेरी दहा वर्षांची असता त्यांना ब्रिस्टल शहरातील लुइन्स मीड येथील मंडळीचे पाचारण आले, आणि सर्व कुटुंब तेथे राहावयास गेले. मेरी ही सर्वांत वडील मूल. वडिलांनी घरी मुलग्यांची शाळा चालविली होती. त्या काळी मुलींना शिवणकाम, वाद्यवादन आणि थोडे वाचन-लेखन एवढेच शिकवीत. परंतु मेरीला वडिलांनी मुलग्यांच्या बरोबरीने लॅटिन, ग्रीक, गणित आणि सृष्टिविज्ञान शिकविले. ती गंभीर वृत्तीची होती. हसण्याखेळण्यापेक्षा कामात तिचे मन अधिक रमे. वयात आल्यावर काही काळ तिने वाइट नावाच्या बेटावर एका घरी मुलांची शिक्षिका म्हणून नोकरी केली, आणि इ. स. १८२९ पासून आई व बहिणी यांच्यासह ब्रिस्टल येथे मुलींची शाळा चालविली. वडिलांच्या मंडळीतील शब्बाथशाळेचेही काम तिच्याकडे आले.

येथे एक गोष्ट उघडपणे सांगितली पाहिजे. कार्पेंटर घराणे एकेश्वरवादी पंथाचे होते. प्रभु येशू ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी आपली मंडळी जे कबूल करते, ते हा पंथ कबूल करीत नाही. आपणांस हा भेद लहान वाटत नाही आणि वाटू नये. परंतु तो सांगून झाल्यावर आपण स्वतःला आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे. यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या मनुष्याची गोष्ट आपल्या प्रभूने सांगितली, तेव्हा थांबून जखमा बांधणारा म्हणून त्याने कोणास उभे केले? याजकाला नव्हे, लेव्यालाही नव्हे. ज्याचे मत यहूदी लोक चुकीचे मानीत, त्या शोमरोन्याला. म्हणून मेरीबाईंचा मतपंथ बाजूला ठेवून त्यांचे काम वाचण्यास आपणांस अडचण वाटू नये.

इ. स. १८३३ हे वर्ष मेरीबाईंच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी दोन परदेशी पाहुणे ब्रिस्टलला आले. एक होते बंगालचे राजा राममोहन राय. सतीच्या दुष्ट चालीविरुद्ध झगडलेला हा थोर पुरुष सप्टेंबर महिन्यात ब्रिस्टलला आला, आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून त्याच महिन्याच्या २७ तारखेस तेथेच मरण पावला. त्यांच्या भेटीने हिंदुस्थान देशाचे नाव मेरीबाईंच्या अंतःकरणात कायमचे कोरले गेले.

दुसरे पाहुणे अमेरिकेतील बोस्टन शहराचे जोसेफ टकरमन. हे पाळक गोरगरिबांच्या वस्तीत जाऊन सेवा करीत. एके दिवशी मेरीबाई त्यांच्याबरोबर ब्रिस्टलच्या एका दरिद्री गल्लीतून चालल्या होत्या. इतक्यात चिंध्या पांघरलेला एक मुलगा त्यांच्या समोरून धावत गेला आणि कोपऱ्यावर दिसेनासा झाला. टकरमनसाहेब थबकले, आणि कोणीतरी या मुलाच्या मागोमाग त्याच्या घरापर्यंत जाऊन त्याची चौकशी केली पाहिजे, अशा अर्थाचे बोलले. बोलणे एवढेच. तो मुलगा कोण, पुढे त्याचे काय झाले, हे कोणास कळले नाही. परंतु मेरीबाईंना ते शब्द लागले. असली मुले त्यांनी त्याच रस्त्यावर शेकडो वेळा पाहिली होती, आणि एकाच्याही मागोमाग त्या गेल्या नव्हत्या.

मग इ. स. १८३५ मध्ये त्यांनी आपल्या मंडळीतील लोकांना मिळवून गरिबांच्या घरोघर भेटी देणारी एक संस्था काढली. वस्तीचा सर्वांत घाणेरडा भाग त्यांनी आपल्याकडे घेतला. अशी काही वर्षे गेली, तो इ. स. १८४० मध्ये एक मोठे दुःख त्यांच्यावर कोसळले. वडिलांचे मन खचून प्रकृती ढासळली होती, म्हणून त्यांना हवापालटासाठी प्रवासाला पाठविले होते. त्या प्रवासात इटली देशाच्या किनाऱ्याजवळ ते आगबोटीतून समुद्रात पडून बुडाले. मेरीबाईंचे वडील हेच त्यांचे गुरू होते. तो घाव पुष्कळ दिवस भरला नाही. परंतु शोकातून उठल्यावर त्या जे काम करू लागल्या, ते पूर्वीपेक्षाही जोमाने.

इ. स. १८४६ च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस लुइन्स मीड येथे त्यांनी फाटक्या-तुटक्या कपड्यांतील मुलांसाठी शाळा उघडली. शब्बाथशाळेत या मुलांना कोणी घेत नसे, कारण त्यांच्या अंगाला घाण येई, पायांत जोडे नसत, तोंडी शिव्या असत, आणि पुष्कळांनी चोऱ्या केलेल्या असत. पहिल्या दिवसांत तेथे शाळा कसली, नुसता धुडगूस चाले. मुले एकमेकांना मारीत, प्रार्थना चालली असता ओरडत, मध्येच उठून पळून जात. दुसरे कोणी असते तर दार लावून घरी गेले असते. मेरीबाई गेल्या नाहीत. त्यांनी चित्रे, नकाशे, आणि सृष्टीतील नाना वस्तू दाखवून ती मुले हळूहळू आपलीशी केली. अंग धुण्याची सोय केली. संध्याकाळचे वर्ग चालू केले. जी मुले देवाचे नाव फक्त शपथ वाहताना घेत, ती हळूहळू शांत बसून ऐकू लागली.

या शाळेत त्यांना एक अनुभव वारंवार येऊ लागला. आज वर्गात असलेला मुलगा उद्या दिसेनासा होई. विचारपूस केली की कळे, त्याला पकडून तुरुंगात नेले. काही आठवड्यांनी तो सुटून येई, पण पूर्वीचा मुलगा राहिलेला नसे. तुरुंगात त्याने मोठ्या चोरांकडून नवी विद्या शिकून घेतलेली असे, आणि मुख्य म्हणजे त्याची भीती व लाज दोन्ही गेलेली असत. काही दिवसांनी तो पुन्हा आत जाई. असे चार-पाच वेळा झाले म्हणजे त्याला समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडीत, आणि त्याची आई त्याचे तोंड पुन्हा पाहत नसे.

त्या काळी इंग्लंडात कायदा असा होता की, सात वर्षांवरील मूल गुन्हेगार ठरू शके, आणि भाकरीचा तुकडा किंवा रुमाल चोरणारे लेकरू मोठ्या गुन्हेगारांच्याच तुरुंगात जाई. हे बरे नव्हे असे सरकारलाही वाटू लागले होते; म्हणून इ. स. १८३८ मध्ये मुलग्यांसाठी पार्कहर्स्ट येथे निराळा तुरुंग उघडण्यात आला. हे ठिकाण त्याच वाइट बेटावर आहे, जेथे मेरीबाईंनी तरुणपणी नोकरी केली होती. परंतु तोही तुरुंगच होता. आरंभीच्या काळात तेथील मुलांच्या पायांत लोखंडी कडे असे, अंगावर कैद्याचा पोशाख असे, आणि एकमेकांशी बोलण्याची मनाई असे. मुलगा वयाने लहान म्हणून तुरुंग निराळा, एवढाच काय तो भेद. त्याला वागविण्याची रीत तीच.

मेरीबाईंनी यावर पुष्कळ विचार केला, माहिती जमविली, आणि इ. स. १८५१ मध्ये सुधारशाळांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य म्हणणे असे. मूल हे मूलच आहे, मग ते गुन्हा करो वा न करो. देणेघेणे, करारमदार, मालमत्ता या बाबतींत कायदा म्हणतो की, हे अजाण आहे, याच्यासाठी वडील माणूस जबाबदार. मग तेच मूल गुन्ह्यात सापडताच एका दिवसात जाणते कसे होते? ज्याला कोणी वळण लावले नाही, त्याला वळण नाही म्हणून शिक्षा करणे हा न्याय नव्हे. अशा मुलांसाठी त्यांनी तीन प्रकारच्या शाळा सुचविल्या: अत्यंत गरीब मुलांसाठी फुकट शाळा, रस्त्यावर भटकणाऱ्यांसाठी जेवण आणि काम देणाऱ्या उद्योगशाळा, आणि ज्यांच्यावर गुन्हा शाबीत झाला आहे त्यांच्यासाठी तुरुंगाच्या जागी सुधारशाळा. शिवाय व्यवहारी लोकांनाही पटेल असा एक हिशेब त्यांनी मांडला. एकाच मुलाला दहा वेळा पकडणे, दहा वेळा न्यायालयासमोर उभे करणे आणि शेवटी समुद्रापार पाठविणे, याला जो खर्च येतो, त्यापेक्षा त्याला एकदाच नीट शिकविणे स्वस्त पडते. आईबापांना त्यांनी मोकळे सोडले नाही. ज्यांची ऐपत आहे त्यांनी आपल्या मुलाच्या खर्चाचा वाटा उचललाच पाहिजे, नाहीतर मूल टाकून देणे हाच फायद्याचा धंदा होईल, असे त्यांचे मत होते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात बर्मिंगहॅम शहरी या प्रश्नावर एक परिषद भरली. तेथील न्यायाधीश मॅथ्यू डेव्हनपोर्ट हिल यांनी तिच्यात पुढाकार घेतला होता. या परिषदेच्या मुळाशी मेरीबाईंचे पुस्तक आणि त्यांचीच खटपट होती. तथापि परिषदेत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. पुरुषांच्या सभेत स्त्रीने उभे राहून भाषण करणे मर्यादेला सोडून आहे, असे त्या काळी त्यांचेही मत होते. पुढच्याच वर्षी पार्लमेंटाने चौकशीसाठी कमिटी नेमली, तेव्हा मात्र तिच्यासमोर त्यांनी साक्ष दिली, आणि पार्कहर्स्टच्या पद्धतीवर स्पष्ट टीका केली. नुसत्या जबरदस्तीने मुलाचे शरीर ताब्यात ठेवता येते, पण त्याचे मन जिंकता येत नाही. आणि मन जिंकले नाही तर दार उघडताच तो पूर्वीच्या वाटेला लागतो, असा त्यांच्या सांगण्याचा भावार्थ होता. सरकारी तुरुंगांच्या अधिकाऱ्यांस ते झोंबले. पुढे त्याच बाई मोठमोठ्या सभांतून निर्भयपणे बोलू लागल्या. लेकरांसाठी त्यांना आपला संकोच सोडावा लागला.

परंतु पुस्तक लिहिणे निराळे आणि मुले सांभाळणे निराळे. इ. स. १८५२ मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवुड येथे त्यांनी स्नेह्यांच्या मदतीने सुधारशाळा काढली. ज्या इमारतीत ती काढली, ती पूर्वी जॉन वेस्ली यांची शाळा होती. वेस्ली यांनी खाणीतील मजुरांस जेथे शुभवर्तमान सांगितले, त्याच भागात आता तुरुंगातून आलेली मुले राहू लागली. मुलांना मोकळी हवा असावी, जमीन असावी, गुरे-पाखरे असावीत, भोवती उंच भिंती नसाव्यात. आणि मुलगे व मुली एका कुटुंबासारखे एकत्र वाढावेत, अशी मेरीबाईंची कल्पना होती.

ही कल्पना सगळीच तडीस गेली नाही. मुले पळून जात, मुली दंगा करीत, कामाला ठेवलेली माणसे कंटाळून जात, आणि शाळेची व्यवस्था कशी असावी याविषयी चालकांमध्येच मतभेद होत. ज्यांना चौदा-पंधरा वर्षे कोणी प्रेमाचा शब्द बोलले नाही, त्यांना तो शब्द ऐकताच पाझर फुटेल, अशी आशा करणारे लवकर निराश होतात. मेरीबाई निराश झाल्या नाहीत, परंतु शिकल्या. मुलग्यांची आणि मुलींची व्यवस्था निराळी असावी हे त्यांनी मान्य केले, आणि इ. स. १८५४ च्या ऑक्टोबरात ब्रिस्टल शहरातच रेड लॉज नावाच्या जुन्या वाड्यात मुलींसाठी निराळी सुधारशाळा उघडली. हा वाडा कवी बायरन यांच्या विधवा पत्नीने आपल्या पैशाने विकत घेऊन दिला होता. राणी एलिझाबेथ हिच्या काळातील कोरीव लाकडी भिंतींच्या त्या घरात पूर्वी श्रीमंत लोक राहत. आता तेथे चोरीच्या आरोपावरून पकडलेल्या अनाथ पोरी कपडे धुण्यास, शिवण्यास, स्वयंपाक करण्यास आणि वाचण्यास शिकू लागल्या. मुलींच्या सुधारशाळेचा इंग्लंडातील हा पहिलाच प्रयत्न होता.

मेरीबाईंनी या शाळेची देखरेख मरेपर्यंत स्वतः केली. मुलगी सुधारशाळेत आली म्हणजे तिचे मागचे आयुष्य तिच्या तोंडावर फेकावयाचे नाही. तिला स्वतःची अशी काही लहानसहान वस्तू असू द्यावयाची, म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूचा मान ठेवणे तिला कळेल. आणि शिक्षा करावी लागलीच तर तिची अब्रू जाईल अशी करावयाची नाही, असे त्यांचे धोरण होते. ज्याच्याजवळ स्वतःचे काहीच नाही, त्याला चोरी म्हणजे काय हे समजावून सांगणे किती कठीण, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

त्या काही गोड स्वभावाच्या बाई नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. कामापुढे त्यांना खाण्यापिण्याची शुद्ध नसे, आणि दुसऱ्यांनीही तसेच असावे असे त्यांना वाटे. फ्रान्सिस पॉवर कॉब नावाच्या विदुषी इ. स. १८५८ मध्ये मदतीसाठी त्यांच्याजवळ राहावयास आल्या. परंतु ते रुक्ष, कष्टाचे जिणे त्यांना फार दिवस झेपले नाही, आणि त्या निघून गेल्या. मेरीबाईंनी लग्न केले नव्हते. त्याच वर्षी त्यांनी रोझॅना नावाची एक लहान मुलगी दत्तक घेतली. एकावन्न वर्षांच्या, दिवसभर शेकडो मुलांची काळजी वाहणाऱ्या या स्त्रीलाही घरी कोणीतरी आपल्याला आई म्हणावे असे वाटले, हे वाचून मन भरून येते.

त्यांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या खटपटीला इ. स. १८५४ मध्येच मोठे यश आले. पार्लमेंटाने कायदा केला की, सोळा वर्षांखालील गुन्हेगार मुलांना न्यायाधीशांनी दोन ते पाच वर्षे मान्य सुधारशाळेत पाठवावे. इ. स. १८५७ मध्ये उद्योगशाळांसाठीही कायदा झाला. परंतु सुधारशाळेच्या कायद्यात एक काटा राहिला. मुलाने सुधारशाळेत जाण्यापूर्वी निदान चौदा दिवस तुरुंगात काढलेच पाहिजेत, अशी अट घालण्यात आली. अपराध केला तर आधी शिक्षा भोगलीच पाहिजे, असे पुष्कळ सज्जनांचेही म्हणणे होते. मेरीबाईंनी या अटीला नेहमी विरोध केला. ज्या शिक्क्यापासून मुलाला वाचवावयाचे, तोच आधी त्याच्या कपाळी मारावयाचा, मग शाळेत घालावयाचे, यात काय अर्थ, असे त्या विचारीत. ही अट त्यांच्या हयातीत गेली नाही. ती रद्द झाली इ. स. १८९९ मध्ये, म्हणजे त्यांच्या मरणानंतर बावीस वर्षांनी. बी पेरणारा एक आणि कापणी करणारा दुसरा, हे आपल्या प्रभूने सांगितलेले सत्य येथेही दिसून येते.

आता त्यांच्या हिंदुस्थानाशी आलेल्या संबंधाकडे वळू. राममोहन रायांची आठवण मनात बाळगून तेहतीस वर्षे लोटल्यावर, वयाच्या साठाव्या वर्षी, इ. स. १८६६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या. अहमदाबाद, सुरत, मद्रास, कलकत्ता या ठिकाणी त्या हिंडल्या. मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार केल्याशिवाय स्त्रीशिक्षण वाढणार नाही, हे त्यांनी सरकारास आणि येथील पुढाऱ्यांस पटविण्याचा प्रयत्न केला. पुढे इ. स. १८६८ मध्ये त्या पुन्हा मुंबईस आल्या आणि स्त्रीशिक्षिकांच्या शाळेची व्यवस्था स्वतः हाती घेतली. परंतु आजारी पडल्यामुळे त्यांना परत जावे लागले. इ. स. १८७६ पर्यंत त्यांनी हिंदुस्थानच्या एकंदर चार सफरी केल्या.

ज्या गावी त्या जात, तेथील शाळेबरोबर तेथील तुरुंगही पाहत. आपल्याकडे इ. स. १८५० च्या कायद्याने लहानसहान गुन्हे करणाऱ्या मुलांना एखाद्या धंद्यात उमेदवार म्हणून ठेवण्याची सोय केली होती, आणि मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा इ. स. १८५७ पासून होती. परंतु बहुतेक ठिकाणी मुले मोठ्या कैद्यांबरोबरच कोंडलेली असत. या मुलांसाठी सुधारशाळा काढाव्यात, अशी विनंती मेरीबाईंनी थेट गव्हर्नर जनरलांपर्यंत पोहोचविली. इ. स. १८७६ मध्ये हिंदुस्थान सरकारने सुधारशाळांचा कायदा केला. तो कायदा त्यांच्या एकटीचे काम होते असे म्हणता येणार नाही; परंतु त्याची मागणी त्यांनी दहा वर्षे सोडली नाही, हे खरे.

शेवटपर्यंत त्यांनी विश्रांती घेतली नाही. इ. स. १८७२ मध्ये त्या जर्मनीत आणि त्याच्या पुढच्या वर्षी अमेरिकेत व कॅनडात जाऊन तेथील तुरुंग व शाळा पाहून आल्या. इ. स. १८७७ च्या जून महिन्याच्या १४ तारखेस रात्री त्या नेहमीप्रमाणे काम करून निजल्या आणि झोपेतच त्यांचा प्राण गेला. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. ब्रिस्टलच्या आर्नोज व्हेल कबरस्थानात त्यांना मूठमाती दिली. त्याच कबरस्थानात राजा राममोहन राय यांचीही समाधी आहे.

प्रिय वाचकहो, चरित्र येथे संपले. परंतु ते सांगण्याचे कारण संपले नाही. सुधारशाळा हा शब्द दारावर लिहिला म्हणजे आत सुधारणा होतेच असे नाही. मेरीबाईंच्या मागे इंग्लंडात आणि इतरत्र अशा कित्येक शाळा नुसते तुरुंग होऊन बसल्या. एवढ्याशा चोरीसाठी पाच-पाच वर्षे मुले घराला मुकली. कायदा दार बांधून देतो. त्या दारात मुलाला पोटाशी घेणारे कोणी नसेल, तर ते दार तुरुंगाचेच राहते.

आपल्या देशातही या बाबतीत पुष्कळ कायदे झाले. मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा कायदा इ. स. १९२४ मध्ये झाला. स्वतंत्र भारतात इ. स. १९८६, २००० आणि २०१५ या वर्षी बालन्यायाचे कायदे झाले. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवू नये असे या कायद्यात म्हटले आहे. परंतु सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अति घोर गुन्हा केला असता त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविता येईल, अशी तरतूद इ. स. २०१५ मध्ये करण्यात आली. एका भयंकर गुन्ह्याने लोकांची मने पेटलेली होती, आणि त्या पीडित मुलीचे दुःख हलके मानणे कोणाही ख्रिस्ती मनुष्यास शोभणार नाही. ज्याचा अपराध झाला त्याला न्याय मिळालाच पाहिजे. तथापि पार्लमेंटातील चौदा दिवसांचा वाद आणि आजचा वाद यांच्या तळाशी प्रश्न एकच आहे. अपराधी लेकरू आपणांस प्रथम अपराधी दिसते, की प्रथम लेकरू?

याचे उत्तर सरकारने काय द्यावे ते सरकार पाहील. आपल्या मंडळीने काय द्यावे, हे मात्र आपणांस ठरविता येते. आपल्या गावचा एखादा मुलगा रिमांड होममधून सुटून येतो. तो रविवारी उपासनेस आला तर त्याच्या शेजारी कोण बसतो? कामाची गरज असलेला कोणता बंधू त्याला आपल्या शेतावर किंवा दुकानात उभा करतो? त्याची आई पाण्याला गेली असता इतर बहिणी तिच्याशी बोलतात, की बोलणे थांबवितात? चौदा दिवसांची अट कायद्याच्या पुस्तकातून कधीच गेली. आपल्या आळीत ती कित्येकदा चौदा वर्षे चालते.

आपला प्रभु न्यायासनावर बसेल तेव्हा काय विचारील, हे त्याने आधीच सांगून ठेवले आहे. आणि त्या प्रश्नांत बंदिशाळेतील मनुष्याच्या भेटीचाही प्रश्न आहे. ज्याच्याजवळ शंभर मेंढरे होती त्याने हरवलेल्या एकाला, तू का हरवलास, म्हणून काठी मारली नाही. त्याने ते खांद्यावर घेतले.

ब्रिस्टलच्या गल्लीत धावत जाऊन दिसेनासा झालेला तो चिंध्यांतील मुलगा कोणासच पुन्हा सापडला नाही. मेरीबाईंनी मात्र त्याच्या मागोमाग जाण्याचे ठरविले, आणि चव्वेचाळीस वर्षे त्या चालत राहिल्या. तसा मुलगा आपल्याही गावातून आज धावत गेला असेल. त्याच्या मागोमाग जाण्यास आपणांपैकी कोणीतरी उठावे, एवढीच या लहानशा लेखाची प्रार्थना आहे.